कुलूपबंद साक्ष

१९ जून १९५३, शुक्रवार. न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगात त्या संध्याकाळी सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. सूर्य मावळला की ज्यू लोकांचा पवित्र शब्बाथ सुरू होणार, म्हणून रात्री अकराला द्यायची देहान्ताची शिक्षा अलीकडे आणून आठ वाजता द्यायचं ठरलं होतं. आधी नवऱ्याला विजेच्या खुर्चीत बसवलं, मग बायकोला. खुर्चीत बसण्याआधी तिने सोबतच्या मेट्रनच्या गालावर ओठ टेकवले. नेहमीइतके झटके देऊन झाल्यावर डॉक्टरांनी तपासलं, तर तिचं हृदय चालूच होतं. पुन्हा वीज सोडावी लागली.

ती होती एथेल रोझेनबर्ग. वय ३७. मागे दोन मुलगे, एक दहा वर्षांचा आणि एक सहा वर्षांचा.

अणुबॉम्बचं गुपित रशियाला विकणारं जोडपं म्हणून एथेल आणि ज्युलियस रोझेनबर्ग यांची नावं जगभर गाजली. पण एथेलविरुद्ध नेमका पुरावा काय होता? तिच्या सख्ख्या पाठच्या भावाने आणि भावजयीने कोर्टात सांगितलं, की तिने चोरलेली माहिती टाइपरायटरवर टाइप केली. याच दोघांनी सात-आठ महिन्यांपूर्वी शपथेवर वेगळंच सांगितलं होतं, आणि ते बोलणं लिहून ठेवलेलं होतं. पण ते कागद कायद्याने गुप्त. ते उघडायला कोर्टाचा हुकूम लागतो. तो हुकूम मिळाला, तेव्हा एथेलला जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती.

गाणारी मुलगी

एथेल ग्रीनग्लासचा जन्म २८ सप्टेंबर १९१५ चा. न्यूयॉर्कचा लोअर ईस्ट साइड हा भाग म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची वस्ती. दाटीवाटीच्या चाळी आणि नळाला फक्त गार पाणी. वडील शिलाई यंत्रं दुरुस्त करायचे. घरात सगळे भाऊ, मुलगी ही एकटीच. आईचा सगळा जीव मुलांवर. एथेलला गाण्याचं आणि नाटकाचं वेड होतं, पण आईच्या लेखी ते नसते चोचले.

पोर हुशार होती. पंधराव्या वर्षीच शाळा संपवली. तेव्हा अमेरिकेत मंदी होती. कॉलेजचा प्रश्नच नव्हता. टायपिंग आणि कारकुनीचं शिक्षण घेऊन ती एका पॅकिंग-शिपिंग कंपनीत लागली. फावल्या वेळात नाटकात काम करायची, एका नामांकित गायनवृंदात गायची. १९३५ साली कंपनीतल्या कामगारांनी संप केला, तेव्हा ही बुटकीशी, नाजूक तब्येतीची मुलगी बाकीच्या बायकांना घेऊन मालाचे ट्रक अडवायला रस्त्यावर आडवी पडली. नोकरी गेली. ती गप्प बसली नाही. सरकारच्या कामगार मंडळाकडे तक्रार केली आणि निकाल तिच्या बाजूने लागला.

१९३६ च्या वर्षअखेरीला खलाशांच्या संघटनेच्या मदतीसाठी एक कार्यक्रम होता. तिथे गायला जाण्याआधी ती घाबरलेली असताना एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने तिला धीर दिला. तो ज्युलियस. तिच्याहून अडीच वर्षांनी लहान. दोघेही साम्यवादी विचारांचे. मंदीच्या त्या काळात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांमधली पुष्कळ तरुण मुलं त्या विचारांकडे ओढली गेली होती. १८ जून १९३९ ला त्यांचं लग्न झालं. मायकल १९४३ साली झाला, रॉबर्ट १९४७ साली.

मुलं झाल्यावर एथेलने गाणं मागे टाकलं आणि घराला वाहून घेतलं. थोरला मायकल हट्टी, झोप न येणारा. आपल्या आईने आपल्याशी जे केलं ते आपण मुलांशी करायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. बालमानसशास्त्राचा वर्ग लावला, समुपदेशकाकडे गेली. तिची पाठ दुखायची, तब्येत साथ द्यायची नाही, तरी तिचं सगळं लक्ष पोरांपाशी असायचं.

पाठचा भाऊ

एथेलचा धाकटा भाऊ डेव्हिड तिच्याहून सहा वर्षांनी लहान, तिचा लाडका. मेव्हण्याच्या विचारांनी तोही भारावलेला. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात यंत्रकारागीर होता आणि १९४४ साली त्याची नेमणूक झाली नेमकी लॉस अलामॉसला, जिथे अणुबॉम्ब बनत होता. ज्युलियस तेव्हा रशियासाठी हेरगिरी करत होता. हे आता पुराव्यानिशी सिद्ध झालेलं आहे. रशिया त्या वेळी अमेरिकेचा युद्धातला मित्र होता. तरीही गुपितं देणं हा गुन्हाच. ज्युलियसने मेव्हण्यालाही या कामात ओढलं. डेव्हिडची बायको रूथ निरोप घेऊन नवऱ्याकडे गेली.

युद्ध संपलं. ज्युलियस, डेव्हिड आणि आणखी एका भावाने मिळून यंत्रांचा छोटा कारखाना काढला. तो नीट चालला नाही. पैशावरून कुरबुरी सुरू झाल्या, मेव्हण्या-मेव्हण्यांची तोंडं फिरली.

ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली आणि अमेरिका हादरली. इंग्लंडमध्ये क्लाउस फुक्स हा शास्त्रज्ञ पकडला गेला. त्याच्यामागून साखळी उलगडत जून १९५० मध्ये डेव्हिडपर्यंत आली. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं. डेव्हिडने ज्युलियसचं नाव सांगितलं. १७ जुलैच्या संध्याकाळी मायकल रेडिओवर त्याची आवडती मालिका ऐकत बसला होता, तेव्हा पोलीस आले आणि वडिलांना घेऊन गेले.

ज्युलियस तोंड उघडेना. तेव्हा अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, एफबीआयने, दुसरा रस्ता शोधला. बायकोला अडकवलं तर नवरा वाकेल, असा त्यांचा हिशेब होता. यंत्रणेच्या स्वतःच्या कागदांत तो लिहिलेला आहे. एथेल म्हणजे नवऱ्याला वाकवायची तरफ!

बंद दाराआड

इथे ग्रँड ज्युरी म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. नानावटी खटल्यामुळे ज्युरी हा शब्द आपल्याकडे माहीत आहे. ती ज्युरी खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष ते सांगते. ग्रँड ज्युरीचं काम त्याच्या आधीचं. खटला भरण्याइतपत पुरावा आहे का, एवढंच तिने ठरवायचं. सोळा ते तेवीस सामान्य नागरिक एका खोलीत बसतात. सरकारी वकील साक्षीदारांना प्रश्न विचारतो. आत न्यायाधीश नसतो आणि साक्षीदाराचा वकीलही नसतो. जे बोललं जातं ते सगळं गुप्त. त्यामागची कारणंही चांगली आहेत. संशयिताने पळून जाऊ नये, साक्षीदाराने न भिता बोलावं, आणि ज्याच्यावर खटलाच होणार नाही त्याची उगाच बदनामी होऊ नये.

३ ऑगस्ट १९५० ला रूथ या खोलीत बोलली. ७ ऑगस्टला डेव्हिड बोलला. त्याच दिवशी एथेललाही बोलावलं होतं, आणि ११ ऑगस्टला पुन्हा. अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला हक्क वापरून तिने बहुतेक प्रश्नांना उत्तर द्यायचं नाकारलं. आपल्याच बोलण्याने आपण अडकू असं वाटलं, तर गप्प राहायचा हक्क तिथे प्रत्येकाला आहे. ११ तारखेला ती कोर्टाबाहेर पडली आणि तिथेच तिला अटक झाली. मुलांकडे शेजारीण बघत होती. आई संध्याकाळी घरी येईल, असंच त्यांना वाटत होतं. ती पुन्हा कधीच घरी आली नाही.

जामीन एक लाख डॉलर. कुठून आणणार? मुलं आधी एथेलच्या आईकडे गेली, मग अनाथाश्रमात.

खटला मार्च १९५१ मध्ये उभा राहणार होता, आणि एथेलविरुद्ध फारसं काहीच हातात नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी, खटल्याच्या तोंडावर, रूथने नवी हकीकत सांगितली: १९४५ च्या सप्टेंबरात डेव्हिडने आणलेली माहिती एथेलने रोझेनबर्गांच्या दिवाणखान्यात बसून टाइप केली. डेव्हिडने तिच्या सुरात सूर मिळवला. रूथवर पुढे कधीही खटला भरला गेला नाही. दोन लहान मुलांची आई म्हणून ती घरी राहिली. एथेललाही दोन लहान मुलंच होती.

न रडलेली बाई

ज्युरीत अकरा पुरुष आणि एक स्त्री होती. सरकारी वकिलाने समारोपात टाइपरायटरच्या त्या बटणांवर चांगलाच जोर दिला. एकेक बटण दाबत एथेलने देशावर घाव घातले, असं चित्र त्याने उभं केलं. एथेलने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून आरोप नाकारले. तेव्हा सरकारी वकिलाने काय काढलं? तिचीच ग्रँड ज्युरीपुढची साक्ष! इथे उत्तर देता येतं, मग तिथे का दिलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. म्हणजे गुप्त खोलीतलं तिचं गप्प बसणं भर कोर्टात उघडं केलं गेलं आणि त्याच खोलीतलं भावाचं आणि भावजयीचं बोलणं मात्र ज्युरीच्या कानावर आलंच नाही. ग्रँड ज्युरीपुढच्या मौनाचा असा वापर करणं चूक आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली दुसऱ्या एका खटल्यात मान्य केलं. एथेलच्या दृष्टीने चार वर्षं उशिरा.

वर्तमानपत्रांनी तिच्या चेहऱ्यावर रकाने लिहिले. बाई रडत नाही, कोसळत नाही, म्हणजे दगडाच्या काळजाची. आत तुरुंगात ती काय सोसत होती ते त्यांना कुठे दिसत होतं! नवऱ्याहून वयाने मोठी, म्हणजे तिनेच त्याला नादी लावलं असणार, हाही तर्क झाला. पुढे दयेचा अर्ज फेटाळताना राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याही मनात हेच होतं, की दोघांमध्ये खंबीर आणि पुढाकार घेणारी तीच आहे. बाई लेचीपेची असती तर कदाचित वाचली असती.

५ एप्रिल १९५१ ला न्यायाधीश कॉफमन यांनी दोघांना देहान्ताची शिक्षा दिली. कोरियात मरणाऱ्या सैनिकांचं पापही त्यांनी या जोडप्याच्या माथी मारलं. डेव्हिडला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्यातली दहाही पुरी न होता तो १९६० साली सुटला आणि नाव बदलून राहू लागला.

सिंग सिंगमध्ये बायकांच्या विभागात मृत्युदंडाची एथेल ही एकटीच कैदी. दोन वर्षं तिने जवळजवळ एकटीने काढली. नवऱ्याशी भेट आठवड्यातून एकदा, मध्ये जाळी. मुलं भेटायला येत, तेव्हा ती हसून बोलत असे, गाणी म्हणत असे. आई आली ती समजूत घालायला, की भाऊ म्हणतो ते खरं मान्य कर, खोटं असलं तरी कर. एथेलने मानलं नाही. कबुली दिली तर जीव वाचेल, हे सरकारने दोघांनाही स्पष्ट कळवलं होतं. शेवटच्या दिवशीही तुरुंगात एफबीआयचे अधिकारी टेलिफोनची लाइन चालू ठेवून बसले होते. ज्युलियस बोललाच तर विचारायच्या प्रश्नांची यादी तयार होती. त्या यादीत एक प्रश्न असा होता, की तुझ्या कामाची तुझ्या बायकोला माहिती होती का? मैत्रिणींनो, जिला काही तासांत मारायचं होतं तिच्याबद्दलचा हा प्रश्न!

तिच्या अंत्ययात्रेला तिची आई आली नाही.

कुलूप उघडताना

दोन्ही मुलांना एबल आणि ॲन मिरोपोल या दांपत्याने आपलंसं केलं. आडनाव बदललं, गाव बदललं, मुलं शिकली. दोघंही वीस वर्षं गप्प होती. मग १९७५ साली मायकल आणि रॉबर्ट यांनी सरकारविरुद्ध दावा लावला. आपल्याकडे २००५ साली माहिती अधिकाराचा कायदा आला, तसा अमेरिकेत १९६६ पासूनच आहे. त्याच्या जोरावर हजारो कागद बाहेर आले. बायकोला तरफ म्हणून वापरायचा हिशेब आणि तो शेवटच्या दिवसाचा प्रश्न जगाला कळला तो यातूनच.

१९९५ साली रशियाच्या गुप्त तारांची उकल प्रसिद्ध झाली. मुलांसाठी ती सोपी नव्हती. वडील खरोखरच हेर होते, हे त्यातून दिसत होतं. ज्युलियसला सांकेतिक नाव होतं, एथेलला नव्हतं. नवऱ्याचं काम तिला ठाऊक आहे, पण प्रकृतीमुळे ती स्वतः काम करत नाही, असा एका तारेचा आशय. दुसऱ्या एका तारेत मात्र रूथची शिफारस ज्युलियस आणि त्याची बायको या दोघांनी केल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे तिला काय आणि किती माहीत होतं, यावर इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे. माहीत असणं वेगळं आणि मरणाची शिक्षा व्हावी असं काही करणं वेगळं, एवढं मात्र नक्की.

२००१ साली म्हाताऱ्या डेव्हिडने एका पत्रकाराला सांगितलं, की टायपिंगची साक्ष खरी नव्हती, बहुधा रूथनेच टाइप केलं असेल, आपल्याला काही आठवत नाही. बायकोला आणि मुलांना वाचवण्यासाठी आपण बहिणीचा बळी दिला, याची त्याला खंतही नव्हती.

पण ग्रँड ज्युरीचे कागद माहितीच्या कायद्यातही येत नाहीत. त्यांच्यासाठी न्यायाधीशाचाच हुकूम लागतो, आणि तो सहज मिळत नाही. न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने १९९७ साली एक वाट मोकळी केली होती. प्रकरणाला ऐतिहासिक महत्त्व असेल, तर न्यायाधीशाने काही गोष्टी तोलून बघाव्यात. कागद कोण मागतंय? कशासाठी? किती वर्षं झाली? साक्षीदार हयात आहेत का, त्यांची किंवा घरच्यांची हरकत आहे का? त्या वाटेने जानेवारी २००८ मध्ये नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही खासगी संशोधन संस्था आणि इतिहासकारांच्या संघटना कोर्टात गेल्या. सरकारनेही बहुतेक मृत साक्षीदारांच्या बाबतीत विरोध केला नाही. रूथ त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारली. डेव्हिड जिवंत होता आणि त्याने हरकत घेतली. न्यायाधीश हेलरस्टीन यांनी त्याची साक्ष बंदच ठेवली, बाकीच्या बहुतेक खुल्या केल्या.

११ सप्टेंबर २००८ ला कागद उघडले. रूथच्या साक्षीत नणंदेचं नाव येतं, पण टाइपरायटर कुठेच येत नाही. ती माहिती आपण स्वतः हाताने लिहिली, असं तिने शपथेवर सांगितलं होतं.

डेव्हिड जुलै २०१४ मध्ये गेला. पुन्हा अर्ज, पुन्हा सुनावणी. त्याच न्यायाधीशांनी आता त्याचीही साक्ष खुली करायला सांगितली, आणि १५ जुलै २०१५ ला ती बाहेर आली. या बाबतीत आपण बहिणीशी कधी काही बोललोच नाही, असं डेव्हिडने तिथे ठासून सांगितलं होतं. सात महिन्यांनी, खटल्याच्या वेळी, ती बहीण अचानक टाइपरायटरपाशी बसलेली त्याला आठवली.

ही वाट आता सगळ्यांना खुली आहे असं नाही. २०१९ साली वॉशिंग्टनच्या आणि २०२० साली अटलांटाच्या अपील कोर्टाने सांगितलं, की केवळ इतिहासासाठी ग्रँड ज्युरीचे कागद उघडायचा अधिकार न्यायाधीशांना नाही. एथेलचा खटला न्यूयॉर्कमध्ये झाला होता, म्हणून तिचे कागद बाहेर आले. दुसऱ्या शहरातल्या एखाद्या एथेलचे कदाचित कधीच येणार नाहीत.

२०१६ साली दोन्ही भाऊ व्हाइट हाउसच्या दाराशी गेले आणि आईचं नाव निर्दोष म्हणून जाहीर करा, अशी मागणी केली. उत्तर आलं नाही. २०२४ साली आणखी एक कागद सापडला. गुप्त तारा उकलणाऱ्या सरकारी तज्ज्ञाने २२ ऑगस्ट १९५० ला, एथेलच्या अटकेनंतर अवघ्या अकरा दिवसांनी, लिहून ठेवलेलं टिपण. नवऱ्याचं काम तिला माहीत होतं, पण आजारपणामुळे ती स्वतः त्यात नव्हती, असं त्यात आहे.

म्हणजे तिला खुर्चीत बसवायच्या जवळजवळ तीन वर्षं आधीपासून हे सगळं लिहिलेलं होतं. एक कागद ग्रँड ज्युरीच्या दप्तरात, एक गुप्त खात्याच्या फायलीत. दोन्ही सरकारच्याच ताब्यात आणि दोन्ही कुलपात. गुप्ततेचा नियम साक्षीदाराला निर्भयपणे बोलता यावं म्हणून केला होता. इथे तो साक्ष फिरवणाऱ्यांच्या उपयोगी पडला. भाऊ ९२ वर्षं जगला, भावजय ऐंशीच्या पुढे गेली. त्यांच्या साक्षी वाचायला मिळाल्या तेव्हा एथेलच्या मुलांचीही केव्हाच साठी उलटली होती.